भुईमुगाच्या पेंडीतला पीईए

कंबरेतून पायापर्यंत कळ जाते म्हणून घरातल्या एखाद्याला गोळी लिहून मिळते. पाकिटावर लांबलचक नाव असतं : पामिटॉइलइथॅनॉलअमाइड. कॉलेजात जाणारं पोर ते नाव मोबाईलवर शोधतं आणि दोन गोष्टी समोर येतात. एक, हा पदार्थ शेंगदाणे, सोयाबीन आणि अंड्याच्या बलकात सापडतो. दोन, गांजातल्या रसायनांशी त्याचं नातं सांगितलं जातं. मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. आजी विचारते, या गोळीनं गुंगी येईल का, सवय लागेल का? मुलगा हिशेब मांडतो, शेंगदाण्यातच आहे म्हणता, तर गोळीला पैसे कशाला? घरच्याच शेंगा खाऊ!

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. पाटण खोऱ्यात तर दुसरा प्रश्न जास्तच रास्त, कारण तिथं शेंगा खरोखरच घरच्या असतात. उत्तरं आधीच सांगून टाकतो : गुंगी येत नाही, आणि शेंगा खाऊन गोळीचं काम होत नाही. पण नुसत्या 'नाही'नं समाधान होत नाही. ते 'नाही' का, हे समजून घेण्यासाठी या पदार्थाची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागेल. नाव लांब आहे, म्हणून यापुढे त्याची तीन आद्याक्षरं वापरू : पीईए.

१. तीन ठिकाणी सापडलेला एकच पदार्थ

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर पाटण वसलं आहे. खोऱ्यात खरिपाला भात, नाचणी, भुईमूग आणि अलीकडे सोयाबीन. भुईमुगाचं आणि या मुलखाचं नातं वाणांच्या नावांतही उतरलं आहे. 'कोयना', म्हणजे बी-९५, हा निमपसऱ्या वाण, आणि 'कराड ४-११' हा पसऱ्या. सोयाबीनचंही तसंच. 'फुले संगम' आणि 'फुले किमया' या वाणांच्या क्रमांकाआधी 'केडीएस' ही अक्षरं असतात. ती सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्राची खूण आहे. भुईमुगाचा दाणा घरात कूट, चटणी आणि म्हाद्या होऊन ताटात येतो. तेल काढल्यावर घाण्यात उरलेली पेंड म्हशीपुढं जाते.

१९५७ साली अमेरिकेत मर्क या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक क्यूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पांढरा, मेणचट पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो त्यांना तीन ठिकाणी मिळाला : अंड्याच्या पिवळ्या बलकात, सोयाबीनच्या लेसिथिनमध्ये आणि भुईमुगाच्या पेंडीत. तोच पीईए.

लेसिथिन हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. कच्चं सोयाबीन तेल शुद्ध करताना त्यातून जो चिकट गोंदासारखा भाग निघतो, त्यात मुख्यतः लेसिथिन असतं. तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून ते बिस्किटांत, चॉकलेटात घालतात. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत '३२२' हा आकडा दिसला तर तो लेसिथिनचाच.

२. पण शोधायला निघाले होते काय?

क्यूल आणि मंडळींना काही गांजाशी संबंधित पदार्थ शोधायचा नव्हता. गोष्ट सुरू होते ती न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांपासून.

तिथं ऑल्विन कोबर्न नावाचे डॉक्टर र्‍हुमॅटिक तापाचा अभ्यास करत होते. हा आजार आपल्याकडेही जुना आहे. मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूनं सुजतो, तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. पुष्कळदा हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. कोबर्न यांच्या लक्षात आलं की ज्या घरांत हा आजार पुन्हा पुन्हा येतो, तिथल्या मुलांच्या खाण्यात अंडी फारच कमी आहेत. त्यांनी मुलांच्या रोजच्या आहारात अंड्याच्या बलकाची पूड द्यायला सुरुवात केली. १९४३ साली त्यांनी आणि ल्यूसिल मूर यांनी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली : बलक मिळणाऱ्या मुलांत ताप उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं.

पुढं पेनिसिलिन आलं आणि घशातल्या जंतूचाच बंदोबस्त होऊ लागला, त्यामुळे बलकाचा उपाय मागं पडला. पण बलकात असं काय आहे, हा प्रश्न कोबर्न यांनी सोडला नाही. १९५४ पर्यंत त्यांच्या गटानं दाखवलं की बलकातला अल्कोहोलमध्ये विरघळणारा स्निग्ध भाग दिला तर गिनीपिगच्या सांध्यांना येणारी सूज कमी होते. त्या स्निग्ध भागातला नेमका पदार्थ कोणता, याचं उत्तर म्हणजे क्यूल यांचा १९५७चा शोध. मला या सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की एका डॉक्टरनं आजारी मुलाच्या घशाबरोबर त्याच्या ताटातही डोकावून पाहिलं.

यानंतरची पायरी आणखी महत्त्वाची ठरली. १९६५ साली निकोलस बाखर, कारेल माशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच पदार्थ प्राण्यांच्या मेंदूत, यकृतात आणि स्नायूंत सापडला. म्हणजे पीईए बाहेरून येणारी वस्तू नव्हती. शरीर तो स्वतःच तयार करत होतं. तुमच्या-माझ्या शरीरात तो या क्षणीही तयार होतो आहे. आईच्या दुधातही तो असतो.

३. रेणूची घडण

आता थोडं रसायन, अगदी लागेल तेवढंच.

तेल, तूप, चरबी यांचा मुख्य घटक म्हणजे मेदाम्लं. मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची लांब साखळी असते. साखळी किती लांब आणि ती सरळ की वाकलेली, यावर त्या मेदाम्लाचे गुण ठरतात. पामिटिक आम्ल हे त्यातलं अगदी सर्रास आढळणारं. त्यात १६ कार्बन असतात आणि साखळी सरळ असते. पामतेलात ते भरपूर असतं, तुपात असतं, शेंगदाण्याच्या तेलातही साधारण दहावा हिस्सा त्याचाच.

या साखळीच्या टोकाला इथॅनॉलअमिन नावाचा एक छोटा रेणू जोडला की झाला पीईए. बस, एवढीच त्याची घडण. म्हणूनच त्याला मेदाम्लाचं अमाइड म्हणतात.

इथॅनॉलअमिनचा तोच तुकडा दुसऱ्या मेदाम्लांनाही जोडता येतो. शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. बैलजोडी तीच, जू तेच, पण मागं नांगर जोडला तर नांगरट होते, कुळव जोडला तर ढेकळं फुटतात, पाभर जोडली तर पेरणी होते. इथॅनॉलअमिन हे जू आणि मेदाम्ल हे अवजार. पामिटिक आम्ल जोडलं की पीईए, ज्याचं काम सूज आणि वेदना आवरणं. शेंगदाणा तेलात मुबलक असलेलं ओलेइक आम्ल जोडलं की तयार होतो आतड्यातून 'पोट भरलं' असा निरोप देण्यात भाग घेणारा पदार्थ. आणि २० कार्बनचं, चार ठिकाणी वाकलेलं अॅराकिडोनिक आम्ल जोडलं की तयार होतो आनंदामाइड. गांजाचा विषय शिरतो तो इथून.

४. गांजाचं नातं नेमकं कशाशी?

गांजा, भांग, चरस आपल्या मुलखाला नवे नाहीत. इंग्रज सरकारनं १८९३ साली त्यांच्या परिणामांची चौकशी करायला आयोग नेमला होता आणि त्यानं मुंबई इलाख्यासह देशभर साक्षी घेतल्या. मात्र नशा नेमकी कोणत्या रेणूमुळे येते, हे कळायला १९६४ साल उजाडलं. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना मांडली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. टीएचसी हे मेदाम्ल नाही. त्याची रचना पीईएपेक्षा पूर्ण वेगळी आहे. मग नातं आलं कुठून?

ते समजण्यासाठी 'ग्राही' ही कल्पना लागते. पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं अशी असतात की ठरावीक आकाराचा रेणू त्यांना येऊन चिकटला की पेशीला आतून काहीतरी करण्याचा संदेश मिळतो. या प्रथिनांना ग्राही म्हणतात. मेंदूत टीएचसी ज्या ग्राहीला चिकटतो, तो १९८८ साली अमेरिकेत विल्यम डिव्हेन आणि अॅलिन हाउलेट यांना सापडला. त्याला सीबी-१ म्हणतात. पण निसर्गानं मेंदूत हा ग्राही काही कुणी गांजा ओढेल म्हणून ठेवलेला नसणार. तिथं चिकटणारा शरीराचा स्वतःचा एखादा रेणू असलाच पाहिजे. १९९२ साली डिव्हेन, चेक रसायनशास्त्रज्ञ लुमिर हानूश आणि मेशुलाम यांच्या गटानं जेरुसलेममध्ये डुकराच्या मेंदूतून तो वेगळा केला आणि 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याला आनंदामाइड हे नाव दिलं.

आनंदामाइड सीबी-१ला चिकटतो, म्हणून तो शरीरातला कॅनाबिनॉइड ठरला. पीईएची घडण आनंदामाइडसारखी, तयार करणारी आणि तोडणारी यंत्रणाही बरीचशी एकच, म्हणून त्याचं नाव त्या यादीला जोडलं गेलं. पण त्याची १६ कार्बनची सरळ साखळी सीबी-१मध्ये नीट बसत नाही. ग्राही जागा होत नाही, म्हणून नशाही येत नाही. नातं आहे ते आनंदामाइडशी. गांजाच्या झाडाशी त्याचा संबंध तिसऱ्या हातानं लागतो. आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

५. मग पीईए काम करतो तरी कसा?

याचं पहिलं चांगलं स्पष्टीकरण आलं ते १९९३ साली, इटलीतून, आणि तेही ८४ वर्षांच्या एका शास्त्रज्ञ बाईंकडून. रिता लेवी-मोंताल्चिनी यांना मज्जातंतूंच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाच्या शोधासाठी १९८६चं नोबेल मिळालं होतं. त्या वयातही त्या प्रयोगशाळेत होत्या.

आपल्या त्वचेत, आतड्यात, मज्जातंतूंच्या अवतीभवती मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनसारख्या रसायनांचे दाणे भरलेले असतात. गांधीलमाशी चावली की जागा लाल होऊन फुगते, ती या पेशींनी दाणे फोडल्यामुळे. हे गरजेचं असतं, पण प्रमाणाबाहेर आणि दीर्घकाळ चाललं तर शेजारचे मज्जातंतू चिडतात आणि दुखणं मुरतं. लेवी-मोंताल्चिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की इजा झालेल्या जागी शरीर पीईएसारखे रेणू तिथल्या तिथं तयार करतं आणि ते मास्ट पेशींना आवरतात.

पुढं २००५ साली त्याचा खास ग्राहीही दाखवून देण्यात आला. त्याचं नाव पीपार-अल्फा. हा पेशीच्या पृष्ठभागावर नसतो, तो आत, केंद्रकात काम करतो आणि सूज वाढवणाऱ्या जनुकांचं काम मंद करतो. म्हणूनच पीईएचा परिणाम डोकेदुखीच्या गोळीसारखा अर्ध्या तासात दिसत नाही. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात.

पीईए साठवून ठेवला जात नाही. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थातून तो गरजेनुसार तयार होतो आणि काम होताच विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याला तोडून टाकतात. यातलं फा नावाचं विकर आनंदामाइडही तोडतं. पीईए जास्त असला की हे विकर त्यात गुंतून राहतं आणि आनंदामाइड थोडा जास्त टिकतो, असाही एक अप्रत्यक्ष परिणाम सांगितला जातो.

फा विकर मंद पडलं तर काय होतं, याचं एक विलक्षण उदाहरण २०१९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. स्कॉटलंडमधल्या एका वयस्क महिलेच्या हाताची मोठी शस्त्रक्रिया झाली, तरी तिला वेदनाशामकांची गरज भासली नाही. भाजलं तरी तिला मांस जळल्याच्या वासानं कळे. तपासणीत या विकराशी संबंधित जनुकीय बदल सापडले आणि रक्तात आनंदामाइड, पीईए आणि ओलेइक आम्लाचा तो तिसरा भिडू, असे तिन्ही वाढलेले दिसले.

मग हे विकर औषधानंच रोखलं तर? तसे प्रयत्न झाले. जानेवारी २०१६मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात अशाच एका नव्या औषधाच्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि इतर काही जण रुग्णालयात गेले. पुढच्या तपासात दिसलं की ते औषध फाखेरीज मेंदूतल्या दुसऱ्या विकरांनाही जाऊन भिडत होतं. शरीराच्या स्वतःच्या रेणूशी संबंध आहे, एवढ्यावरून एखादं औषध निर्धोक ठरत नाही, हे त्या घटनेनं फार मोठी किंमत घेऊन दाखवलं.

६. घरच्या शेंगांचा हिशेब

आता मुलाचा प्रश्न. हिशेब त्यानं मांडला आहे, तर तो पुरा करू.

प्रकाशित मोजणीनुसार १ ग्रॅम शेंगदाण्यात पीईए भरतो सुमारे ३.७ मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम, दोन मोठ्या मुठी शेंगदाण्यांत झाला ३७० मायक्रोग्रॅम, अर्थात ०.३७ मिलिग्रॅम.

दुखण्यावरच्या चाचण्यांत पीईएची मात्रा बहुधा दिवसाला ६०० मिलिग्रॅम असते. ६०० भागिले ०.३७ केले की उत्तर येतं सुमारे १६२२. प्रत्येक वाटा १०० ग्रॅमचा, म्हणजे रोज साधारण १६० किलो शेंगदाणे. दीड क्विंटलच्या वर, तेही सोललेले!

सोयाबीनमध्ये प्रमाण थोडं जास्त आहे, ग्रॅमला सुमारे ६.७ मायक्रोग्रॅम. तरी रोज जवळजवळ ९० किलो लागेल. लेसिथिनमध्ये मात्र ते ग्रॅमला ९५० मायक्रोग्रॅमपर्यंत नोंदवलं आहे. म्हणजे साधारण ६३० ग्रॅम लेसिथिन. पण बिस्किटात ते चिमूटभरही नसतं आणि बिस्किटाबरोबर पोटात जाणारी साखर आणि मैदा मणामणानं असेल. शिवाय जे पोटात जाईल, त्यातलाही बराच भाग आतड्यातली आणि यकृतातली विकरं तोडून टाकतात.

तेव्हा 'शेंगदाणे खा, नसांचं दुखणं पळवा' असा निरोप फोनवर आला तर तो पुढे पाठवू नये. शेंगदाणा प्रथिनांसाठी, तेलासाठी, चवीसाठी खावा. त्याची योग्यता त्यानं कमी होत नाही.

७. गोळीनं फरक पडतो का?

१९६५च्या शोधात ज्यांचा वाटा होता, ते कारेल माशेक नंतर तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात पीईएवर काम करत राहिले. तिथं १९७०च्या दशकात 'इम्पल्सिन' या नावानं तो गोळीच्या रूपात आला आणि मोटार कारखान्यातले कामगार व सैनिक यांच्यावर फ्लू-सर्दीसाठी त्याच्या चाचण्या झाल्या. आजारपण काहीसं कमी झाल्याचे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध झाले. आज मात्र त्याचा मुख्य उपयोग जुनाट दुखण्यात पाहिला जातो.

सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या कळीवर इटलीत ६३६ रुग्णांची मोठी चाचणी झाली. ती २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. कुणाला ३०० मिलिग्रॅम, कुणाला ६०० आणि कुणाला औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी. तीन आठवड्यांत पीईए घेणाऱ्यांचं दुखणं जास्त उतरलं आणि त्यातही ६००वाल्यांचं अधिक. याउलट डेन्मार्कमध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या ७३ रुग्णांना १२ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम दिलं, तरी नसांच्या वेदनेत औषध नसलेल्या गोळीपेक्षा काहीच फरक पडला नाही. ही चाचणी २०१६ची. ११ चाचण्या आणि ७७४ रुग्ण यांचा एकत्रित आढावा २०२३ साली आला, त्यात एकूण कल पीईएच्या बाजूनं दिसला. चाचण्यांत दुष्परिणाम सहसा किरकोळ आढळले, बहुतेक पोटाचे.

माझं मत असं, की पीईए हा उपयोगी पूरक आहे, चमत्कार नाही. काही दुखण्यांत तो इतर उपचारांना जोड देतो, काहींत अजिबात देत नाही. गांजाचं नाव जोडलं म्हणून त्याला घाबरणं जितकं चूक, तितकंच 'नैसर्गिक' हा शब्द वाचून महिनोन्‌महिने आपल्या मनानं घेत राहणंही चूक.

पाकीट हातात घेतलंत, तर तीन गोष्टी पाहा. एका गोळीत पीईए किती मिलिग्रॅम आहे. त्याबरोबर आणखी कोणती औषधं मिसळली आहेत, कारण नसांच्या गोळ्यांत इतर घटक पुष्कळदा जोडीला असतात. आणि 'मायक्रोनाइज्ड' असं लिहिलं आहे का. पीईए पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याची अतिबारीक पूड करून देतात. पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात अशी तक्रार असेल, तर गोळी सुरू करण्याआधी रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच आधीपासून इतर औषधं सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आणि पाय अचानक लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर कोणत्याही गोळीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.